दवाखान्यात दाखल होऊनही बाळ मृत का जन्मतं? तुमच्या अनुभवात वेळ कुठे गेला?

सीमा_परिचारिका

आमच्या जिल्ह्यात घरी बाळंतपण आता जवळजवळ होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सुमारे ९५ टक्के प्रसूती दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. तरी लेबर रूमच्या रजिस्टरमध्ये ‘मृत जन्म’ हा रकाना रिकामा राहत नाही.

मी सरकारी रुग्णालयात प्रसूती विभागात बरीच वर्षं काम करते आहे. सध्या जुनी रजिस्टरं आणि केसपेपर वाचते आहे. काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. बाई दोन ठिकाणांहून ‘पुढे न्या’ असं सांगून आमच्याकडे आलेली असते आणि सोबतच्या चिठ्ठीवर बीपी लिहिलेलं नसतं. एचबी (हिमोग्लोबिन) सात-आठ, म्हणजे फारच कमी असतं. बाळाची वाढ कमी असल्याचं सातव्या महिन्याच्या सोनोग्राफीत लिहिलेलं असतं, पण पुढे कोणी ते बघितलेलं नसतं. आणि एक वाक्य तर फारच वेळा ऐकलंय, ‘कालपासून बाळ हलत नव्हतं, पण म्हटलं सकाळी बघू.’

माझं मत स्पष्ट आहे. यातले बरेच मृत्यू टळणारे असतात आणि ते टाळायची संधी लेबर रूमच्या दाराबाहेरच निघून गेलेली असते. घरी मात्र दोष बाईला लागतो. तुमच्या घरात, ओळखीत असं घडलं असेल तर वेळ नेमका कुठे गेला, ते लिहाल का? डॉक्टर मंडळींनीही लिहावं.

कोरडवाहू

ताई, आमच्या वहिनीचं सांगतो. पहिलटकरीण. सातव्या महिन्यात रीतीप्रमाणे माहेरी गेली. सासरच्या डॉक्टरांची फाईल सासरीच राहिली. माहेरच्या दवाखान्यात नवीन कागद झाला, त्यावर आधीचं काहीच नाही. आधीच्या डॉक्टरांनी बीपी थोडं वाढतंय, दर आठवड्याला बघा असं सांगितलं होतं. ते आम्हाला नंतर फाईल उघडल्यावर कळलं. नवव्या महिन्यात एका रात्री पोट दगडासारखं कडक झालं, अंगावरून गेलं, दवाखान्यात नेईपर्यंत ठोके बंद. डॉक्टर म्हणाले वार (बाळाला रक्त पुरवणारी, गर्भाशयाला चिकटलेली प्लासेंटा) आधीच सुटली.

माहेरी पाठवायला माझा विरोध नाही. पण फाईल बाईबरोबर गेली पाहिजे, कपाटात राहून उपयोग नाही.

डॉ_वैशाली_स्त्रीरोग

कोरडवाहू, फार वाईट वाटलं. तुम्ही वर्णन केलंय तशी वार सुटण्याची घटना वाढलेल्या रक्तदाबाशी जोडलेली असते आणि तिच्यात बाळाला वेळ फारच कमी मिळतो. म्हणूनच आधीचा इशारा महत्त्वाचा.

सीमाताईंच्या प्रश्नाकडे येते. बाळ कळा सुरू होण्याआधीच पोटात गेलं, की कळांच्या दरम्यान गेलं, हे आधी वेगळं करायला हवं. जगभरात २८ आठवड्यांनंतरचे मृत जन्म वर्षाला सुमारे १९ लाख (२०२१ चा अंदाज) आणि त्यातले ४० टक्क्यांहून जास्त कळा सुरू झाल्यानंतरचे. म्हणजे कळा सुरू होताना बाळ जिवंत होतं असे बरेच. ज्या देशांत कळांच्या काळात नीट लक्ष ठेवलं जातं, तिथे या दुसऱ्या प्रकारचे मृत्यू फार थोडे राहिलेत.

पहिल्या प्रकारामागे मुख्यतः वाढलेला रक्तदाब, वारेचा रक्तपुरवठा कमी पडून बाळाची खुंटलेली वाढ, आवाक्यात नसलेला मधुमेह, तीव्र रक्तक्षय, जंतुसंसर्ग (सिफिलिस अजूनही आहे, आणि त्याची तपासणी स्वस्त आहे), आरएच निगेटिव्ह रक्तगटाच्या आईत बाळाच्या रक्ताविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं, बाळातले जन्मजात दोष, आणि दिवस उलटून जाणं. दुसऱ्या प्रकारामागे अडलेली प्रसूती, नाळ आधी बाहेर येणं, आडवं बाळ, कळांच्या वेळी ठोके वेळेवर न ऐकणं, आणि कळा वाढवायचं इंजेक्शन बेहिशेबी देणं. हे शेवटचं मी मुद्दाम लिहिते आहे. सलाईनमध्ये थेंब मोजून द्यायचं औषध काही ठिकाणी अजून सरळ स्नायूत टोचलं जातं. गर्भाशय सैल पडायला उसंत मिळत नाही आणि बाळाचा प्राणवायू तुटतो.

नदीकाठ

माझं बाळ ३७ व्या आठवड्यात गेलं. कारण मिळालं नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल होते. वरची यादी वाचून ज्यांच्या रिपोर्टमध्ये काहीच नव्हतं त्या बाया आणखी स्वतःला खातील, म्हणून लिहिते आहे. सासूबाईंनी ग्रहणात सुई हातात घेतल्याचं काढलं, शेजारच्यांनी पपई. मी बराच काळ ते खरं मानत होते.

डॉ_वैशाली_स्त्रीरोग

नदीकाठ, तुमच्या बाळासाठी मनापासून दुःख आहे. ग्रहण, सुई, कुणाचा वाईट शब्द, वर हात करून कपडे वाळत घालणं, यातल्या कशानेही बाळ जात नाही. पिकलेल्या पपईनेही नाही. तपासण्या करूनही काही मृत्यूंचं कारण सापडत नाही, हे वैद्यकाला मान्य आहे. एक विचारू का, वार तपासायला पाठवली होती? उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

नदीकाठ

नाही. कोणी सुचवलंच नाही. त्या वेळी मला कशाचंच भान नव्हतं.

आकडेमोड

मी सार्वजनिक आरोग्यात आकडेवारीचं काम करतो. दवाखान्यातल्या नोंदींवरून ‘कारणं’ काढताना काही सापळे असतात, ते इथे सांगायलाच हवेत.

एक, मोठ्या सरकारी रुग्णालयाचा मृत जन्मदर जवळच्या खासगी प्रसूतिगृहापेक्षा जास्तच दिसणार, कारण अवघड केसेस तिथेच पाठवल्या जातात. बाळाचे ठोके आधीच थांबलेली बाईही तिथेच येते. त्यावरून ‘सिव्हिलमध्ये बाळं मरतात’ असं म्हणणं अन्यायाचं आहे.

दुसरं, ‘कमी तपासण्या झालेल्या बायांमध्ये मृत जन्म जास्त’ हे जवळपास प्रत्येक अभ्यासात येतं आणि त्यात तथ्य आहेच. पण जिचं बाळ तिसाव्या आठवड्यात गेलं तिला पुढच्या तपासण्यांना जायची वेळच आली नाही. त्यामुळे तपासण्यांची नुसती संख्या मोजली तर फरक आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. आठवड्यांच्या हिशेबाने तुलना करावी लागते.

आणि सिझेरियन. दवाखान्याच्या आकड्यांत सिझेरियन झालेल्यांत मृत जन्म कमी दिसतात. त्यावरून सिझेरियनच सुरक्षित असा निष्कर्ष काढू नका. बाळ आधीच गेलेलं असेल तर शक्यतो सिझेरियन करतच नाहीत, मग तो मृत्यू आपोआप नॉर्मल प्रसूतीच्या खात्यात जमा होतो.

रोखठोक_काका

आकडेमोड, सिझेरियनचं बरं काढलंत. आजकाल खासगीत ठोके कमी झालेत म्हणून घाबरवतात आणि टेबलावर घेतात. आमच्या सुनेला ‘बाळाच्या जिवाला धोका’ म्हणून अर्ध्या तासात सही करायला लावली. बाळ खणखणीत रडलं. मग धोका कुठे होता? या धाग्यामुळे लोक आणखी घाबरतील आणि त्यांचा धंदा वाढेल.

कोरडवाहू

काका, आमचं बाळ रडलं नाही. तुमचं रडलं याचा आनंद करा.

डॉ_वैशाली_स्त्रीरोग

काकांच्या शंकेला उत्तर द्यायला हवं. गरज नसलेली सिझेरियन होतात, हे मी नाकारणार नाही. पण ठोके घसरले म्हणून बाळ लवकर बाहेर काढलं आणि ते रडलं, तर त्यावरून धोका नव्हता असं सिद्ध होत नाही. धोका खरा असता तरी वेळेत काढलेलं बाळ असंच रडलं असतं. विचारायचं ते असं: ठोके किती होते, किती वेळ तसे राहिले, आलेख दाखवा. डॉक्टरने तो दाखवायला हवा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने किंवा नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रांच्या प्रती द्यायच्या असतात.

रोखठोक_काका

कोरडवाहू, तुमच्या दुःखावर मला बोलायचं नव्हतं. डॉक्टरांचं आलेख मागण्याचं म्हणणं पटलं. घरी सांगतो.

आशा_गटप्रवर्तक

मी आशाताईंच्या गटाचं काम बघते, डोंगराळ तालुका. इथे कुणी मिश्रीचं बोललं नाही, म्हणून लिहिते. गरोदर बाया दिवसातून चार-पाच वेळा मिश्री लावतात. दात स्वच्छ राहतात, मळमळ थांबते असा समज. ती तंबाखूच आहे. विडी ओढणाऱ्या बाईला सगळे टोकतात, मिश्री लावणाऱ्या बाईला तिची आईच डबी देते.

दुसरं म्हणजे ऊसतोड. दिवाळीच्या सुमारास जोडपी कारखान्याला जातात, पाचवा-सहावा महिना असला तरी. कार्ड गावच्या उपकेंद्रात, बाई दुसऱ्या जिल्ह्यात फडावर. खाडा केला तर पैसे कापतात म्हणून तपासणीला जात नाही. मोळ्या उचलते. तिथल्या आशाला ही बाई तिच्या यादीतली वाटत नाही. माझ्या मते कोरडवाहूंनी सांगितलेल्या फाईलचीच ही दुसरी तऱ्हा. बाई हलते आणि तिची माहिती मागे राहते.

आकडेमोड

मिश्रीबद्दल तुमचं निरीक्षण अचूक आहे. मुंबईतल्या गरोदर स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये मृत जन्माचा धोका न वापरणाऱ्यांच्या सुमारे अडीच पट आढळला. त्यातही बहुतेक बाया मिश्रीच वापरत होत्या.

मेलबर्नची_मंजू

मी इथे ऑस्ट्रेलियात बाळंत झाले. ३९ आठवडे झाल्यावर सुईणीने सांगितलं, तू भारतात जन्मलेली आहेस, तुझी देखरेख आता वाढवायची. मला आधी रागच आला, वंशभेद वाटला. मग तिने समजावलं. मेलबर्नमधल्याच एका अभ्यासात (२०१७) दिसलं होतं की दक्षिण आशियात जन्मलेल्या स्त्रियांमध्ये ३९ आठवड्यांना मृत जन्माचा धोका जेवढा असतो, तेवढा ऑस्ट्रेलियात जन्मलेल्यांमध्ये ४१ ला असतो. वार लवकर थकते असा तर्क आहे.

आणखी दोन गोष्टी तिथे ठासून सांगितल्या. २८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर झोपायचं, उताणं नाही. मध्येच जाग येऊन उताणी दिसलीस तर घाबरू नकोस, पुन्हा कूस बदल. आणि हालचाल कमी वाटली तर फोन करून विचारत बसू नकोस, सरळ ये, रात्रीचे तीन असले तरी. मी एकदा गेले. सगळं ठीक होतं. कोणी कपाळाला आठी घातली नाही, उलट ‘पुन्हा वाटलं तर पुन्हा ये’ म्हणाले.

सीमा_परिचारिका

मंजू, शेवटचं वाक्य वाचून थांबले. आपल्याकडे रात्री ‘बाळ हलत नाही’ म्हणून आलेल्या बाईला काय ऐकावं लागतं, ते मी पाहिलं आहे. ‘काही नाही, गोड खा आणि झोप.’ एकदा असं ऐकून परत गेलेली बाई दुसऱ्यांदा येत नाही. ती सकाळची वाट बघते.

पहिलटकर_बाबा

बायकोला आठवा चालू आहे. धागा वाचून छातीत धडधडतंय. हालचाल कशी मोजायची? किती म्हणजे कमी?

डॉ_वैशाली_स्त्रीरोग

बाबा, घाबरू नका, बहुतेक गरोदरपणं सुखरूप पार पडतात. आकड्यात फार अडकू नका. प्रत्येक बाळाची स्वतःची लय असते, कुणी संध्याकाळी जास्त हलतं, कुणी आई आडवी झाल्यावर. ती लय आईला माहीत असते. ती बदलली, मंदावली तर जायचं. शंका असेल तर डाव्या कुशीवर शांत पडून लक्ष द्यावं. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर लगेच दवाखाना. ‘शेवटच्या महिन्यात जागा कमी पडते म्हणून बाळ हलत नाही’ हे चूक आहे. हालचालीचा प्रकार बदलतो, पण बाळ हलायचं कमी होत नाही.

प्रामाणिकपणे हेही सांगते की नुसत्या हालचाली मोजायला शिकवल्याने मृत्यू कमी होतात असं मोठ्या चाचण्यांत ठामपणे दिसलेलं नाही. मोजून आलेल्या बाईचं पुढे दवाखान्यात काय होतं, यावर सगळं आहे.

याशिवाय न थांबता दाखवायच्या गोष्टी: डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, चेहऱ्यावर अचानक सूज, छातीच्या खाली उजवीकडे दुखणं, अंगावरून रक्त जाणं, वेळेआधी पाणी जाणं. आणि पुरळ नसताना तळहात-तळपायांना रात्री वाढणारी खाज. ही खाज लोक उष्णतेवर ढकलतात. ती यकृताच्या पित्ताशी संबंधित असू शकते, रक्तात पित्ताम्लांचं प्रमाण फार वाढलं तर बाळाला धोका असतो.

पहिलटकर_बाबा

धन्यवाद डॉक्टर. खाजेचं आजच तिला विचारतो. फाईलही मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवतो.

हिरवा_चाफा

विषय थोडा बाजूला नेते, पण नोकरी करणाऱ्यांना उपयोग होईल. माझं बाळ आठव्या महिन्यात गेलं. ऑफिसने गर्भपाताची सहा आठवड्यांची रजा मंजूर केली, ‘मूल नाही मग बाळंतपणाची रजा कशी’ म्हणाले. मी वकील मैत्रिणीला विचारलं. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात ‘मूल’ या व्याख्येत मृत जन्मलेलं मूल धरलेलं होतं, आणि गर्भपात म्हणजे २६ व्या आठवड्यापर्यंतचाच. त्यामुळे मी प्रसूतीच्या रजेला पात्र होते. कायद्याचं कलम जोडून पत्र दिल्यावर मंजूर झाली. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी २०२२ मध्ये ६० दिवसांच्या विशेष रजेचा वेगळा आदेशही निघाला आहे.

दूध येत होतं. ते कोणी आधी सांगितलं नव्हतं. तो आठवडा सगळ्यांत वाईट होता.

सीमा_परिचारिका

चाफा, तू हे लिहिलंस ते फार बरं झालं. दूध थांबवायला औषध असतं, पण बीपीचा त्रास झालेल्या बाईला ते चालेलच असं नाही, डॉक्टरांनीच ठरवायचं. आमच्या वॉर्डात अशी बाळंतीण इतर बाळंतिणींच्या रांगेतच झोपवली जाते, सगळीकडे बाळं रडत असतात. मी सध्या कोपऱ्यातली खाट आणि पडदा एवढंच करू शकते, ते तरी करते. बाळ बघायचं आहे का, हातात घ्यायचं आहे का, हे आईला विचारलं पाहिजे. नातेवाईक ‘तिला दाखवू नका’ म्हणतात. पण निर्णय तिचा आहे.

नदीकाठ

मला दाखवलं नव्हतं. आजही वाटतं, एकदा बघायला हवं होतं.

वऱ्हाडी_माणूस

बाप म्हणून दोन शब्द. बाळ गेल्यावर मला सगळे म्हणत होते, ‘बायकोला सांभाळ.’ कागदं करणं, गाडी आणणं, माती देणं, सगळं मीच केलं. जन्म-मृत्यू नोंदणीतही जायचं असते हे तेव्हा माहीत नव्हतं. मृत जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, वेगळा फॉर्म असते. दवाखान्यात झालं तर दवाखान्याचीच जबाबदारी, पण नोंद झाली का हे विचारून घ्या. आमच्या बाळाची कुठंतरी नोंद आहे, याचं मला बरं वाटते.

आमच्या भागात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. दोघंही वाहक निघालो, तेही नंतर. लग्नाआधी नाही तर निदान पहिल्या तपासणीत तरी ही टेस्ट करा. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईला गरोदरपणात जास्त लक्ष लागते.

मामाची_शकू

माझं मामेभावाशी लग्न. दोन बाळं पोटात गेली. आमच्याकडे अशी लग्नं घरोघरी आहेत आणि सगळ्यांना धडधाकट मुलं आहेत, मग मलाच का? तिसऱ्यांदा धाडस करावं का, कोणी सांगाल?

डॉ_वैशाली_स्त्रीरोग

शकूताई, नात्यातल्या लग्नात काही आनुवंशिक दोषांचा आणि मृत जन्माचा धोका थोडा वाढतो. बहुतेक जोडप्यांना निरोगी मुलं होतात हेही खरं. पण दोनदा झालं आहे, तेव्हा नुसतं ‘नात्यातलं लग्न’ म्हणून सोडून देऊ नका. दिवस राहण्याआधी जनुकीय सल्ला घ्या. सोबत साखर, थायरॉईड, बीपी, रक्तगट आणि रक्ताच्या गुठळ्यांशी संबंधित प्रतिपिंडं तपासा. आधीच्या दोन्ही वेळचे कागद, सोनोग्राफी न्या. पुढच्या वेळी बीपीचा धोका वाटला तर सोळा आठवड्यांच्या आत कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करतात, तेही डॉक्टरांनी ठरवलं तरच. वाढीच्या आणि डॉप्लरच्या (बाळाचा रक्तपुरवठा बघणाऱ्या) सोनोग्राफी ठरावीक अंतराने. मोठ्या रुग्णालयातच नाव नोंदवा आणि शेवटपर्यंत तिथेच राहा. धाडस करायचं की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवायचं, पण तयारीने गेलात तर आशा नक्की आहे.

आणि सगळ्यांसाठी: दुर्दैवाने असं झालंच, तर वार तपासायला पाठवा असं स्वतःहून सांगा. शक्य असेल तर शवचिकित्साही. त्या दिवशी हा विचार नकोसा वाटतो, पण पुढच्या वेळी डॉक्टरला त्यातूनच दिशा मिळते.

आकडेमोड

सीमाताईंचा मूळ प्रश्न होता, वेळ कुठे गेला. १९९४ मध्ये माताम‍ृत्यूंसाठी ‘तीन उशीर’ अशी मांडणी झाली होती: घरी निर्णय घ्यायला, दवाखान्यापर्यंत पोचायला, आणि पोचल्यावर उपचार मिळायला. या धाग्यातले अनुभव त्यात घालून बघितले तर वहिनींची फाईल आणि फडावरची बाई कुठल्याच खान्यात नीट बसत नाहीत. तिथे उशीर माहितीला झाला. निर्णय वेळेवर झाला, गाडीही आली असेल, पण समोरच्या डॉक्टरला काही माहीतच नव्हतं. २०१४ च्या राष्ट्रीय नवजात कृती आराखड्यात २०३० पर्यंत मृत जन्मदर हजारी दहाच्या खाली आणायचं ठरलं आहे. मला वाटतं तिथवर जायला नव्या यंत्रांआधी हे कागद जोडावे लागतील.

सीमा_परिचारिका

सगळ्यांचं वाचलं, काही परत परत वाचलं. नदीकाठ, चाफा, शकू, वऱ्हाडी दादा, तुम्ही लिहिलंत म्हणून तुमचे आभार मानते.

मी आमच्या मॅडमशी बोलले. रेफरच्या चिठ्ठीसाठी एक साधा नमुना करते आहे. त्यावर सात गोष्टी भरल्याशिवाय गाडी सोडायची नाही: शेवटचं बीपी आणि वेळ, एचबी, रक्तगट, बाळाचे ठोके आणि ते ऐकल्याची वेळ, पाणी गेल्याची वेळ, कळा वाढवायचं इंजेक्शन दिलं असल्यास किती आणि कधी, शेवटच्या सोनोग्राफीत वाढीबद्दल काय लिहिलंय. भरायला दोन मिनिटं लागतात. गाडी निघताच पुढच्या लेबर रूमला फोन. आणि दर महिन्याच्या ९ तारखेच्या मोफत तपासणी शिबिरात सातव्या महिन्यातल्या प्रत्येक बाईला विचारणार, माहेरी कुठे जाणार, आणि तिथल्या सिस्टरचा नंबर तिच्या कार्डावर लिहून देणार. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं कसं करायचं, ते मला एकटीला सुचत नाहीये. गटप्रवर्तक ताई, तुम्ही सांगा.

आशा_गटप्रवर्तक

आमच्याकडून जाणाऱ्यांची यादी कारखान्याच्या नावासह निघते, मुकादमाला माहीत असतं कोण कुठे. ती यादी त्या तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे हंगामाआधी गेली तर तिथली आशा फडावर जाऊ शकते. या वर्षी आमच्या बैठकीत मी मांडते. चिठ्ठीचा नमुना तयार झाला की इथेच टाका, आमच्या उपकेंद्रांतही छापून लावू.